एकेचाळिसावी चाचणी

दोन हजार एक साल होतं ते. जानेवारीची एकतीस तारीख, बुधवार, सकाळचे नऊ वाजून चार मिनिटं. सत्तरी ओलांडल्यावरही तिला हे एवढं नेमकं आठवतं ते काही तिच्या स्मरणशक्तीमुळे नव्हे. ती वेळ कागदावर छापलेली होती, आणि छापण्याची सोय तिनंच आदल्या दिवशी करून ठेवली होती. तेव्हा ती सेहेचाळीस वर्षांची होती, खुर्चीवर एक पाय दुमडून बसायची सवय अजून गेली नव्हती, आणि टेबलावरच्या चहावर नुकतीच साय धरायला लागली होती. प्रिंटरनं खरखर करत एक कागद पुढे ढकलला. तिनं कडेच्या भोकांच्या पट्ट्या फाडल्या, नेहमीसारख्या, आधी डावी मग उजवी, आणि वाचता वाचता उजवी पट्टी अर्ध्यावरच राहिली. चाचणी एकेचाळीस, नापास. अपेक्षित उत्तर: तीन मार्च. मिळालेलं उत्तर: अठ्ठावीस फेब्रुवारी. तिनं पुन्हा वाचलं. तीन मार्च हे उत्तर तिचं होतं. अठ्ठावीस फेब्रुवारी हे मास्तरांचं.

मास्तर जाऊन तोवर दीड वर्ष होत आलं होतं. गेले म्हणजे नोकरी सोडून गेले; पण त्या ऑफिसात माणूस एकदा गेला की त्याच्याबद्दल बोलण्याचा सूर मेलेल्या माणसाबद्दलचाच असे. दोन खोल्यांचं ऑफिस, खाली चष्म्यांचं दुकान, जिन्यात कायम काच घासल्याचा वास. औषधांच्या दुकानांसाठी ते प्रोग्राम बनवत. दुकानदार बाटली फोडून औषध कालवून देतो, तेव्हा बाटलीवर एक चिठ्ठी चिकटवावी लागते: अमुक तारखेपर्यंत वापरा, म्हणजे फोडल्यापासून एक महिना. ती तारीख काढण्याचं काम मास्तरांच्या भागाचं. आधी कुठल्याशा शाळेत गणित शिकवायचे, म्हणून मास्तर. पन्नाशीला टेकलेला, खांदे किंचित पुढे आलेला माणूस. बोलताना समोरच्याला कळलं की नाही हे बघत थांबायचा. आणि ती चाचण्या लिहायची. संगणकाला एकामागून एक हुकूम सोडणारी यादी, तिला शेल स्क्रिप्ट म्हणत. हा भाग चालव, काय उत्तर येतं ते घे, आपल्याजवळच्या उत्तराशी ताडून बघ. जुळलं तर पास, नाहीतर नापास. अशा त्रेसष्ट चाचण्या. रोज सकाळी ती यादी चालवायची, कागद निघायचा, तो ती दाराजवळच्या फळ्यावर टाचणीनं लावायची. डावीकडे चाचणीचा आकडा, मध्ये निकाल, उजवीकडे ज्याचा भाग त्याचं नाव. माणसं आत शिरताना चपला काढायच्या आधी फळ्याकडे बघत.

नापास, एवढंच. का नापास, किती फरकानं, हे तो कागद सांगत नसे. तसा थोरल्या साहेबांचा दंडकच होता. “प्रश्नपत्रिका पोराच्या हातात आधी देतात का कुठे?” ते म्हणायचे. “उत्तर कळलं की हे लोक उत्तराला जुळेल असंच लिहितील.” म्हणून चाचण्यांचं कपाट तिच्या एकटीच्या ताब्यात असे, आणि अपेक्षित उत्तरं कुणाला दिसू नयेत म्हणून तिनं सगळी बडबड संगणकातल्या त्या जागेत वळवून टाकलेली होती जिथं टाकलेलं पुन्हा कधी मिळत नाही. तशी जागा असते, प्रत्येक यंत्रात असते. ओळीच्या शेवटी चार अक्षरं लिहिली की झालं. तिनं ती त्रेसष्ट वेळा लिहिली होती, आणि लिहिताना, खरं सांगायचं तर, तिला बरं वाटलं होतं. कागद स्वच्छ दिसायचा. घरी नणंदेच्या शिवणकामाच्या चिंध्या आणि नवऱ्याचे घडी न होणारे नकाशे यांच्यामध्ये दिवस काढणाऱ्या बाईला एका पानात मावणारा कागद फार आवडायचा.

पहिल्यांदा झालं ते नव्व्याण्णवच्या जानेवारीत, एकोणतीस तारखेला. एकेचाळीस, नापास, मास्तर. ते आले, फळ्यासमोर उभे राहिले, चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा वाचलं आणि तिच्या टेबलाशी आले. “बाई, माझं अठ्ठावीस फेब्रुवारी येतंय. तुमचं काय येतंय?” “ते सांगायचं नसतं, मास्तर.” “अहो, पण नियमाच्या पुस्तकात लिहिलंय, पुढच्या महिन्यात ती तारीखच नसेल तर महिन्याचा शेवटचा दिवस धरा. उद्या मी शिळं औषध पाजू का कुणाला?” “मग तुमचं बरोबर असेल तर पास होईल की.” हे ती हसून म्हणाली होती. शेजारच्या टेबलावरचे दोघेही हसले. मास्तर दिवसभर डाव्या हाताची मूठ मिटून, बोटांच्या उंचवट्यांवर महिने मोजत बसले: जानेवारी उंच, फेब्रुवारी खोल, मार्च उंच. सोमवारी एक तारीख होती. सोमवारी चाचणी पास झाली. त्यांनी काहीच बदललं नव्हतं.

मग मार्चच्या एकतीसला. मग मेच्या. मधले सगळे दिवस ठीक, आणि महिन्याच्या टोकाला एकदम नापास, दुसऱ्या दिवशी आपोआप पास. “मास्तरांचं महिनाअखेरचं दुखणं,” असं कुणीतरी म्हणालं आणि ते नाव चिकटलं. दुसऱ्यांच्याही चाचण्या नापास होत, पण त्या चुका सापडत, दुरुस्त होत, विसरल्या जात. थोरले साहेब म्हणाले, “जी चूक सापडते ती प्रोग्रामात असते. जी आपोआप येते-जाते ती माणसात असते.” वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्या आठवड्यात त्यांनी ते तिघांना ऐकवलं. ती तेव्हा काय करत होती? हा प्रश्न तिनं पुढे स्वतःला इतक्या वेळा विचारला की त्याची धार गेली, आणि धार गेली तरी तो टोचायचा थांबला नाही. ती काही करत नव्हती. चहा पीत होती, टाचणी लावत होती.

ऑगस्टच्या एकतीसला चौथ्यांदा झालं. मास्तर त्या दिवशी फळ्याकडे न जाता सरळ तिच्याकडे आले. दाढी नीट झालेली नव्हती, हनुवटीखाली पांढरे खुंट राहिले होते, ते तिला अजून दिसतात. “बाई, मला उत्तर नका सांगू. पण तुमची चाचणी एकदा तुम्ही स्वतः बघाल का? आजच. आजच्या आज चालवून बघा. उद्या उपयोग नाही.” ती म्हणाली, “बघितली आहे मी.” “आज?” “दोनदा बघितली, मास्तर. बाकी बासष्ट बरोबर चालतात, तुमच्यापुरतीच चुकते का?” त्यांनी मान हलवली, वर्गात एखाद्या मुलानं बरोबर उत्तर दिल्यावर हलवावी तशी. “नाही, मग माझंच असेल.” तिनं बघितली नव्हती. दोनदा नाही, एकदाही नाही. त्या दिवशी तिला लवकर निघायचं होतं, नवरा मोजणीच्या कामावरून परतणार होता, आणि बघायचं म्हणजे त्या त्रेसष्ट ओळींतली चार चार अक्षरं सोडवत बसावं लागलं असतं. कारण एवढंच होतं. एखादं मोठं कारण असतं, हेवा असता, वैर असतं, तर तिला पुढे इतकं ओशाळं वाटलं नसतं. ती आळसानं खोटं बोलली होती, आणि बोलून झाल्यावर बटाटे घ्यायचे आहेत हे आठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, “मास्तर, तारखा जमत नसतील तर तारखांचं काम करू नये.” मास्तरांनी वाद घातला नाही. खणातून एक पट्टी, दोन पेन्सिली आणि गोळ्यांची डबी काढून पिशवीत टाकली. त्यांचा भाग कुणीच हातात घेतला नाही. दुकानांमध्ये तो होता तसाच चालत राहिला आणि कुठल्याही दुकानदाराची तक्रार आली नाही. हे तरी तिच्या लक्षात यायला हवं होतं. तिनं एकेचाळिसाव्या चाचणीच्या ओळीपुढे एक खूण घालून ती बंद करून ठेवली. मास्तर गेले आणि दुखणं गेलं, असं लोक म्हणाले.

पुढच्या वर्षअखेरीला थोरले साहेब निवृत्त झाले आणि त्यांचा भाचा आला, धाकटे साहेब. त्यांनी पहिल्याच आठवड्यात फळ्यावरचा कागद काढून तिच्यासमोर धरला. “बाई, यातून कळतं काय? डॉक्टरकडे गेलो, त्यानं ‘आजारी’ एवढंच लिहून दिलं, तसं झालं हे. कुठे दुखतंय, ताप किती, काही नाही?” तिला राग आला, आणि रागाच्या तळाशी काहीतरी हललं. “थोरल्या साहेबांचा नियम होता.” “मामांचे नियम मामांबरोबर. प्रत्येक ओळीत छापा: कधी चालवली, कोणता हुकूम सोडला, काय यायला हवं होतं, काय आलं. तारीख-वेळ विसरू नका.” मग तिनं जानेवारीचे तीन आठवडे ते केलं. ती चार चार अक्षरं एकेक करून पुसली. हुकूम चालण्याआधी तो जसाच्या तसा उमटेल अशी तजवीज केली. आणि काम मनापासून आवडत गेलं, हेही खोटं नाही. इतकी वर्षं मुकी असलेली यादी बोलायला लागली होती. एकतीसच्या सकाळी तिनं बंद ठेवलेल्या चाचण्यांपुढच्या खुणाही काढल्या. सगळ्यांनाच बोलू दे म्हटलं.

एकेचाळिसावी बोलली. हुकूम तिथं उमटला होता: आजच्या तारखेत एक महिना मिळव. तिचाच हुकूम, अपेक्षित उत्तर काढायला तिनं आळसानं यंत्रालाच सांगितलं होतं. आणि यंत्र भाबडं. एकतीस जानेवारीत महिना मिळवला की त्याला एकतीस फेब्रुवारी मिळते, तशी तारीख जगात नाही, म्हणून ते उरलेले तीन दिवस पुढे सांडून तीन मार्चला जाऊन उभं राहतं. महिन्याच्या टोकाला, फक्त टोकाला. तिनं बोटांचे उंचवटे मोजले नाहीत. मोजायची गरजच नव्हती. चहावरची साय चमच्यानं बाजूला करून ती तो गार चहा प्याली. मग चाचणी दुरुस्त केली, दोन ओळी. धाकट्या साहेबांना म्हणाली, “एकेचाळीस चुकीची होती. नीट केली.” “छान,” ते म्हणाले. कुणाच्या नावावर होती ते त्यांनी विचारलं नाही, विचारलं असतं तर ती सांगणार होती, असं तिनं त्या दिवशी स्वतःला सांगितलं.

कागद तिनं चार घड्या करून पर्समध्ये ठेवला. रविवारी जाऊन देऊ. मग रविवारी नणंदेकडे कपड्यांचं काम आलं. पुढच्या रविवारी पाऊल उचललं नाही. मार्चमध्ये वाटलं, आता इतके दिवस झाले, आधी काय म्हणून सांगायचं ते ठरवू. एप्रिलमध्ये वाटलं, त्यांना दुसरं चांगलं काम मिळालं असेल, जुनी खपली कशाला काढा. हे सगळे विचार अगदी शहाण्या माणसाचे होते, आणि प्रत्येक विचारानं महिना पुढे सांडत होता. पर्समध्ये रुमाल शोधताना बोटांना त्या घडीची कड लागे. “वहिनी, पर्समध्ये काय पिल्लू पाळलंयस का गं?” नणंद म्हणाली. “सारखी आत हात घालून बघतेस, जिवंत आहे का ते.” ती हसली. हसताना दातांत थंडी शिरल्यासारखं झालं. ऑफिसात फळ्याला टाचणी लावताना तिचा अंगठा आपोआप उजवीकडच्या नावांवर येई आणि ती नावं झाकून धरी, क्षणभर.

ऑक्टोबरच्या एकतीसला नणंदेला खोकला झाला म्हणून ती कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेली. दुकानदारानं बाटलीत पाणी कालवलं, हलवलं, यंत्रातून चिठ्ठी काढून चिकटवली. तीस नोव्हेंबरपर्यंत वापरा. ती चिठ्ठी वाचत उभीच राहिली. “का हो, बाई, काही चुकलं?” “नाही. तीस बरोबर आहे.” “बरोबर असणारच. आमचा हिशेब चुकेल, हे नाही चुकत. कुणी बनवलंय देव जाणे.” बाटली हातात कोमट लागत होती. घरी येईपर्यंत तिनं ती छातीशी धरली होती, हे नणंदेनं सांगितलं तेव्हा तिला कळलं.

रविवारी, चार नोव्हेंबरला, ती गेली. तिसरा मजला, दार मास्तरांच्या बायकोनं उघडलं. उंच, हाडापेरानं मोठी बाई, हाताला साबणाचा वास. मास्तर खिडकीशी मोजे घडी करत बसले होते. ते उठले, खुर्ची पुढे केली, “बाई! या, या,” म्हणाले, इतक्या आनंदानं की तिला परत फिरावंसं वाटलं. बस डेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर ते काम करत होते. छत्र्या, डबे, एकेकटे मोजे. “मोज्यांसाठी कुणी परत येत नाही,” ते म्हणाले, “म्हणून घरी आणून धुऊन ठेवतो.” बायको म्हणाली, “वहीत तारीख लिहायची असली की पलीकडच्या खिडकीवाल्याला विचारतात. रोज. झोपेत बोटं मोजतात. गणिताचे मास्तर!” “अगं, तसं नाही, खात्री केलेली बरी,” मास्तर म्हणाले.

तिनं कागद काढून दिला. घड्या जिथं पडल्या होत्या तिथं तो पांढुरका, मऊ झाला होता. ती एवढंच म्हणाली, “चाचणी चुकीची होती, मास्तर. तुमचं बरोबर होतं. आणि मी बघितली नव्हती. दोनदा म्हणाले होते, एकदाही बघितली नव्हती.” मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला. ओठ हलवत वाचलं. “म्हणजे अठ्ठावीसच बरोबर?” “हो.” “आणि एप्रिलची तीस?” “तीही.” “जूनची?” “सगळ्या.” ते बायकोकडे वळले, वर्गातल्या सर्वांत हुशार मुलासारखे, आणि हसले. “बघ, मी म्हणत नव्हतो?” पुन्हा कागदाकडे वळले, त्या माणसाला कागद अर्धवट वाचायची सवयच नव्हती. वरच्या ओळीपासून सगळा वाचला. मग हसू हळूहळू उतरलं.

“बाई, हा कागद एकतीस जानेवारीचा आहे.”

तिनं पर्स मिटली.

“नऊ वाजून चार मिनिटं,” ते म्हणाले. डावी मूठ मिटली, उजव्या बोटानं उंचवटे आणि खळगे दाबत गेले. फेब्रुवारी. मार्च. एप्रिल. एकेका महिन्याला त्यांचं बोट थोडं थांबत होतं, आणि तिला वाटलं की यातल्या प्रत्येक महिन्यात हा माणूस कुणाला तरी तारीख विचारत होता, आणि उत्तर तिच्या पर्समध्ये रुमालाखाली होतं. “नऊ महिने,” ते म्हणाले. “आणि चार दिवस. बरोबर ना?” “बरोबर,” ती म्हणाली. बायको पदराला हात पुसत पुढे आली, कागदावर वाकली, मग तिच्याकडे बघितलं. आत जाऊन तिनं नळ सोडला, आणि पाणी कितीतरी वेळ नुसतंच वाहत राहिलं.

“वेळ छापायची ही सोय कुणी केली?” मास्तरांनी विचारलं.

“मीच.”

“चांगली केलीत,” ते म्हणाले, आणि त्यात टोमणा नव्हता, हेच तिला सहन झालं नाही. “आधी नव्हती. तारीख हवीच.” मग कागद तिच्यापुढे धरला. “हा फळ्यावर लावाल?”

सोमवारी तिनं तो लावला. उजवीकडे मास्तरांचं नाव नव्हतंच छापलेलं, जागा कोरी होती. तिनं तिथं पेनानं स्वतःचं नाव लिहिलं, आणि खाली ज्या चार तारखांना मास्तर उगाच नापास झाले होते त्या लिहिल्या. माणसं आली, चपला काढायच्या आधी वाचून गेली. शेजारच्या टेबलावरचा एकजण म्हणाला, “अहो बाई, एवढं काय, जुनी गोष्ट.” दुसरा दुपारी तिच्यासाठी चहा आणायला विसरला. धाकट्या साहेबांनी मास्तरांना पत्र लिहून परत बोलावलं. मास्तरांचं उत्तर आलं, आभार मानणारं, नको म्हणणारं, सुवाच्य अक्षरातलं. वर उजव्या कोपऱ्यात तारीख होती, खाडाखोड न करता लिहिलेली. ती तिनं खूप वेळ बघितली.

त्यानंतर कोण कुठे गेलं ते सांगायचं तर थोडंच आहे. थोरले साहेब निवृत्तीत गुलाब लावत आणि तोच पास-नापासचा नियम गुलाबांनाही लावत, असं त्यांचा भाचा सांगे. एका हिवाळ्यात झोपेत गेले, त्यांना हे कधीच कुणी सांगितलं नाही. धाकटे साहेब कंपनी विकून परदेशी गेले. तो प्रोग्राम नव्या मालकांनी नव्या नावानं अजून काही वर्षं चालवला. नणंद गेल्या वर्षी गेली. शिवणाचं यंत्र खिडकीत आहे, त्यावर आता औषधांच्या बाटल्या असतात. ती स्वतः पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त झाली. शेवटच्या दिवशी तिनं त्रेसष्टच्या त्रेसष्ट चाचण्या चालवल्या, सगळ्या पास झाल्या, आणि त्या कागदाचा तिला काडीचाही आनंद झाला नाही. मास्तरांकडे ती पुन्हा गेली नाही. बोलावणं आलं नव्हतं, आणि न बोलावता जाण्याइतकं तोंड तिला उरलं नव्हतं.

मास्तर वारले त्याला आता सहा वर्षं झाली. सकाळी सातला फोन वाजला. आवाज तिनं एकदाच ऐकलेला होता, तरी ओळखला. “पहाटे गेले,” त्या बाई म्हणाल्या. मागे भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी कुणाला तरी खुर्च्या आणायला सांगत होतं. “तुम्ही यायलाच हवं असं नाही,” त्या म्हणाल्या. “पण तुम्हाला लगेच कळवलं, बाई. आमच्याकडे असं ठेवून घेत नाहीत.”